चार आणि नऊ यांच्या तहकुबीची मिसल

राज्य किती मोठं आहे हे त्याच्या फौजेवरून ठरत नाही, खजिन्यावरून तर मुळीच ठरत नाही. त्या राज्यातलं लहान लेकरू एक ते दहा किती तऱ्हांनी लिहू शकतं, यावरून ते ठरतं. या मापानं पाहिलं तर आमच्या जुन्या निजामी राजवटीला तोड नव्हती. इंग्रजांच्या मुलखातल्या पोराला दोनच तऱ्हा येत. आमच्या देगलूर तालुक्यातल्या पोराला घरात मराठी, मदरशात (म्हणजे शाळेत) उर्दू, आठवडी बाजारात तेलुगू, मठात कानडी आणि रेल्वेच्या डब्यावर इंग्रजी, अशा पाच तऱ्हा येत. (तालुक्यात रेल्वे नव्हती. पण उद्या आलीच तर लेकराचा डबा चुकू नये, ही त्यामागची दूरदृष्टी.) बेरीज मात्र पाचही तऱ्हांनी चुकायची, पण ती एकसारखी चुकायची, हेही काही कमी नाही.

या पाचांत सहावी तऱ्हा कशी आली, ते मी सांगू शकतो, कारण तो कागद माझ्या हातून गेला. मी तेव्हा नांदेडला एका दफ्तरात अहलकार होतो, म्हणजे कारकून. दफ्तर कोणतं ते सांगत नाही. पेन्शन अजून चालू आहे. शिक्षणाशी त्याचा संबंध होता एवढं पुरे. साल १३४७ फसली, म्हणजे इंग्रजी सदतीस. (आमचं साल जगाच्या पाचशे नव्वद वर्षं मागं चालायचं, आणि घाई कोणालाच नव्हती.) त्या साली वरून एक गश्ती आली. गश्ती म्हणजे परिपत्रक. तिच्यात हुकूम होता की, पहिल्या जमातीपासून, म्हणजे इयत्तेपासून, सर्व लेकरांना एक ते बारा हे रोमन आकडे बहमन महिन्याच्या आत शिकवावेत, कारण घड्याळावर तेच असतात. ज्या लेकराला घड्याळ वाचता येत नाही, ते मदरशात वेळेवर येत नाही. आणि जे वेळेवर येत नाही, त्याला घड्याळ शिकवता येत नाही. सबब आधी घड्याळ शिकवावं, म्हणजे ते शिकायला लेकरं वेळेवर येतील. मी बऱ्याच गश्त्या नकलून काढल्या आहेत, पण इतकी गोल गश्ती दुसरी पाहिली नाही.

दफ्तरानं लगेच आकडेवारी मागवली. तालुक्यात मदरसे सदतीस, लेकरं अकराशे अठरा, घड्याळं दोन. पैकी एक तहसीलदारांच्या खिशात, आणि तहसीलदार दौऱ्यावर. दुसरं कचेरीच्या भिंतीवर. त्यात चिमण्यांनी घर केलं होतं, आणि अंडी असेतो घड्याळास हात लावू नये, असा शेरा मी स्वतः वाचलेला आहे. म्हणजे एका घड्याळामागं पाचशे एकोणसाठ लेकरं पडत होती. हे प्रमाण समाधानकारक आहे, असं आम्ही वर कळवलं.

आता बोरताळी. मौजे बोरताळी, घरं एकशे बारा, विहिरी चार, घड्याळ निरंक. गावाला वेळेची अडचण कधी पडलीच नव्हती. म्हशी सुटल्या की सकाळ, मारुतीच्या कळसाची सावली पिंपळाच्या बुंध्याला टेकली की दुपार, आणि पाटलांनी जांभई दिली की सभा बरखास्त. अशा गावात एक खोलीचा मदरसा होता आणि त्यात उद्धव मास्तर होते.

उद्धव मास्तर म्हणजे काटकुळा, एकतीस वर्षांचा, शांत माणूस. अकरा वर्षं मुन्सरिम. मुन्सरिम म्हणजे हंगामी. काम पूर्ण करायचं, पण जागेवर नाव लागायचं नाही. मुस्तकिल, म्हणजे कायम, व्हायला तीन गोष्टी लागत: रिकामी जागा, गावच्या पाटलाच्या सहीचा दाखला आणि चांगला मुआयना, म्हणजे वरच्या साहेबांची तपासणी. जागा रिकामी होती. (अकरा वर्षं तिच्यावर मास्तरच बसले होते, पण कागदावर ती रिकामी होती.) दाखला आणि मुआयना यांचा योग मात्र जुळत नव्हता.

आणि मास्तरांना मुस्तकिल व्हायची घाई होती ती नोकरीसाठी नव्हती. सहा वर्षांपूर्वी मुखेडच्या अनंतरावांच्या कुसुमशी त्यांचं लग्न झालं होतं. अनंतराव निवृत्त पेशकार, कागदाचा पक्का माणूस. लग्न लावून दिलं आणि मांडवातच ते जावयाला म्हणाले, "माझी मुलगी कायमची आहे. ती हंगामी माणसाच्या घरी नांदवायची कशी? मुस्तकिलीचा हुकूम दाखवा अन् मुलगी घेऊन जा." मागणी वाजवी होती. तेव्हापासून मास्तर वर्षातून दोन सणांना मुखेडला जात, पाटावर पाहुण्यासारखे जेवत, कुसुम दाराआडून वाढताना दिसे तेवढी पाहत, आणि बोरताळीला परत येऊन आपली भाकरी आपण करपवत.

गश्ती आली तेव्हा मास्तरांना वाटलं, हाच योग. साहेब मुआयन्याला येणार ते रोमन आकडेच पाहणार. अडचण एवढीच की मदरशात खडू नव्हता. खडूची मागणी तीन वर्षं मंजुरीत होती. फळा होता, पण त्यावर आधीच्या मास्तरांनी 'फळा पुसू नये' असं लिहून ठेवलं होतं. मग मास्तरांना एक नामी युक्ती सुचली. रोमन आकडे लिहावेच लागतात असं नाही, ते उभे करता येतात. लेकरू हात मांडीला लावून ताठ उभं राहिलं की एक. दोन्ही हात वर तिरपे उचलले की पाच. हात वर तिरपे आणि पाय फाकवले की दहा. खर्च शून्य, आणि लेकरांना उभं राहायची सवय होतीच.

पाचासाठी त्यांनी हणमंतराव पाटलांचा किशन निवडला, कारण तो दिवसभर आळोखेपिळोखे देई आणि त्याचे हात तसेही वरच असत. दहासाठी सिद्रामप्पा वाण्यांचा मलप्पा, कारण तो रुंद होता. एकासाठी बारीक लेकरं लागत होती; गावात त्यांचा तुटवडा नव्हता. त्यातली सगळ्यात बारीक सिंधू. पाटलांच्या शेतावर रोजानं जाणाऱ्या पंचफुलाबाईची पोरगी, वय सहा. बारापैकी दहा आकड्यांत एक लागतोच, म्हणून सिंधू सारखी उभी राही, आणि त्यातच ती बाराही आकडे शिकली. किशनला फक्त हात वर करणं आलं. मलप्पाला पाय फाकवणं आलं. बाकीची लेकरं भिंतीला टेकून बसत, आणि त्यांना सगळं समजलं असं दफ्तरी नोंदलं आहे.

रोमन आकड्यांचा कायदा सोपा आहे. लहान आकडा मोठ्याच्या मागं उभा राहिला की मोठा वाढतो, आणि पुढं उभा राहिला की मोठा घटतो. पाचाच्या मागं एक आला की सहा, पुढं आला की चार. दहाच्या पुढं एक आला की नऊ. इतर मुलखांत हा कायदा समजावून सांगावा लागतो. बोरताळीला तो सांगावाच लागला नाही, आणि तिथंच घात झाला. तिथं पोळ्याला तोरणाखालून पाटलांचा बैल आधी जाई, मग बाकीचे. एका वर्षी सिद्रामप्पांचा बैल उधळून आधी गेला, तर गावानं त्या बैलाशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. पुढं कोण आणि मागं कोण, यात बोरताळीला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं.

एका सकाळी हणमंतराव पाटील मदरशावरून चालले होते. आत किशन हात वर करून उभा, आणि त्याच्या पुढं सिंधू. पाटील दारातच थांबले.

"मास्तर, हे काय चालवलंय?"

"चार आहे, पाटील. रोमन."

"किशन एकलाच हुबा व्हता तवा?"

"तेव्हा पाच."

"अन् ही पोरगी येऊन हुबी ऱ्हायली तर चार? माणूस वाढलं अन् आकडा घटला?"

"मागं उभी राहिली की सहा होतात. पुढं उभी राहिली की चार."

पाटलांनी पटका काढून डोकं खाजवलं. "म्हंजी पंचफुलीची पोरगी पुढं हुबी ऱ्हायली की माझं लेकरू उणं."

"लेकरू नाही, पाटील. आकडा."

"आकडा कोण हाय?"

"किशन."

"मंग?"

मास्तरांनी किशनचे हात हळूच खाली घेतले. पाटील आवाज न चढवता म्हणाले, "दाखल्यावर सही माझी लागती, ध्यानात असू द्या. अन् पंचफुलीला सांगा, तिची पोरगी माझ्या लेकरापुढं हुबी ऱ्हायली तर तिनं माझ्या रानात पाय ठेवायची गरज न्हाई."

पंचफुलाबाईला हे सांगावं लागलं नाही. विहिरीवर तिला आधीच कळलं होतं. ती सिंधूला हाताला धरून आली. "मास्तर, हिला एक नगा करू. लेकरू हाय, चुकून पुढं जाईल. हिला सुन्न करा, पर माझं काम ऱ्हाऊ द्या." रोमन आकड्यांत शून्य नसतं, हे मास्तरांनी तिला सांगितलं नाही.

तोवर बातमी सिद्रामप्पांच्या दुकानात पोचली की नवाला त्यांचा मलप्पाही उणा होतो. ते तावातावानं आले. ते आले तेव्हा पाटलांना नवीनच गोष्ट कळली की वाण्याचा पोरगा दहा आहे आणि आपला पाच. आता बोला! पण मास्तर हुशार. ते म्हणाले, "पाटील, दहा म्हणजे दोन पाच. एक सुलटा अन् त्याच्याखाली एक उलटा." पाटलांनी मलप्पाला पुन्हा एकदा पाय फाकवून उभं करायला लावलं, मधोमध आडवी काठी धरून वरचा भाग पाहिला, खालचा भाग पाहिला, आणि त्यांची खात्री पटली. "म्हंजी वाण्याचं जे हाय ते आमचंच दोनदा हाय," असं म्हणून ते शांत झाले. सिद्रामप्पांना हे तितकंसं रुचलं नाही, पण दहा ते दहाच होते.

राहता राहिले चार आणि नऊ. त्यांच्यासाठी पारावर सभा बसली आणि ठराव झाला. त्याची नक्कल मिसलीत, म्हणजे या प्रकरणाच्या फायलीत, आहे:

कलम एक: चार आणि नऊ हे आकडे पुढील हुकुमापर्यंत तहकूब करण्यात येत आहेत.
कलम दोन: तिनाच्या पुढं पाच आणि आठाच्या पुढं दहा मोजावेत. मधल्या जागेत श्वास घ्यावा.
कलम तीन: एक या आकड्यानं थोरांच्या मागं उभं राहावं.
कलम पाच: ठराव सर्वांस लागू.

(चौथं कलम का नाही, हे विचारणाऱ्यानं कलम एक वाचावं.)

गश्ती फक्त रोमन आकड्यांपुरती होती, पण अंमलात असा भेदभाव केला की शिस्त बिघडते, म्हणून गावानं ठराव सगळीकडं लागू केला. विहिरी चार होत्या. पैकी एकीला ओढा म्हणायचं ठरलं. सणाला पाटलीणबाईंचं लुगडं साळ्यानं आठ वार विणलं आणि एक वार वेगळा घडी करून दिला. एक म्हातारा वारला, त्याच्या तिरडीला पाच खांदेकरी झाले; पाचवा नुसताच शेजारून चालला, पण रडण्यात तोच पुढं होता. रुक्मिणबाई सुईण पहिल्यांदा बिघडली. "लेकरू काय तुमचा ठराव इचारून येतंय व्हय?" म्हणाली. मग तिनंही आठवा झाला की दहावा धरायला सुरुवात केली, आणि सासवांना ते सोयीचं पडलं, कारण नवव्यात सुनेला माहेरी धाडायचा प्रश्नच राहिला नाही. या काळात बोरताळीत चार वाजता एकही गुन्हा घडला नाही, हेही मान्य करायला हवं.

मास्तरांनी भीतभीत आमच्या दफ्तराला लिहिलं: "चार व नऊ वगळून उरलेल्या आकड्यांस संपूर्ण रोमन समजावं किंवा कसं?" कागद माझ्याच मेजावर आला. मी टीप लिहिली की, बारापैकी दहा म्हणजे शेकडा त्र्याऐंशी. सदर दफ्तराची रोजची हजेरी याहून पुष्कळ कमी असून तरीही ते संपूर्ण समजलं जातं. साहेबांनी शेरा मारला: "मुआयन्यात पाहू."

मुआयन्याचे साहेब कोणत्याही गावात अकरा वाजता पोचत. तीस वर्षांत त्यात फरक नव्हता. आणि पोचल्यावर ते खिशातलं घड्याळ काढून, आता किती वाजले एवढंच विचारत. त्याहून अवघड प्रश्न ते मदरशात विचारत नसत. म्हणून मास्तरांनी पंधरा दिवस अकराचीच तालीम घेतली. मलप्पा पाय फाकवून उभा, त्याच्या मागं सिंधू. सगळे खूष. लहान आकडा मागं, मोठा वाढलेला, पाटील दारात मिशीवर हात ठेवून उभे राहणार, पंचफुलाबाईचं काम शाबूत. मास्तरांनी दाखल्याचा कागदसुद्धा पाटलांच्या सहीसाठी लिहून ठेवला.

मुआयन्याच्या दिवशी मात्र अपेशी गोष्ट झाली. साहेबांच्या छकड्याचा बैल वाटेत मधमाश्यांना बुजला आणि असा पळाला, असा पळाला की साहेब दोन तास आधी बोरताळीत दाखल. खुर्चीवर बसले, रुमालानं तोंड पुसलं, घड्याळ काढलं, लेकरांपुढं धरलं आणि म्हणाले, "मास्टर, क्या बजा है, बच्चों से दिखाओ."

घड्याळात नऊ वाजले होते.

मलप्पा सवयीनं हातपाय पसरून उभा राहिला. पुढं काय, ते त्याला माहीत नव्हतं. अख्ख्या मदरशात ते घड्याळ वाचता आलं ते एका सिंधूला. तिला आकडा माहीत होता. ठराव तिला कोणी समजावून सांगितला नव्हता, नुसतं 'मागं उभी राहा' एवढंच सांगितलं होतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं, मलप्पाकडं पाहिलं, आणि बरोबर उत्तर द्यायला ती मलप्पाच्या पुढच्या जागेकडं निघाली. दारातल्या गर्दीतून पंचफुलाबाई ओरडली, "अगं माय! सिंधे!" पाटलांचा हात मिशीवरून खाली आला.

त्या चार पावलांत (तीन आणि एक म्हणतो) मास्तरांना सगळं दिसलं. मला पुढं त्यांनीच सांगितलं. सिंधू तिथं पोचली असती तर नऊ बरोबर, मुआयना झकास. पण ठराव मोडला म्हणून दाखला गेला आणि पंचफुलाबाईची चूल गेली. तिला थांबवलं असतं तर नऊ झालाच नसता, मुआयना गेला. दोन्हीकडून कुसुम मुखेडलाच. मास्तरांनी पुढं होऊन सिंधूच्या खांद्याला धरलं, आपली छडी तिच्या हातात दिली, "ही सांभाळ," म्हणाले, आणि स्वतः मलप्पाच्या पुढं जाऊन, हात मांडीला लावून, ताठ उभे राहिले.

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. "वाह! उस्ताद खुद हाजिर!" म्हणाले आणि वहीत 'बहुत खूब' असं लिहिलं. साहेबांच्या वहीत 'ठीक' याच्या वर काही लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साहेबांचं छकडं वेशीबाहेर पडायचा अवकाश, सिद्रामप्पांनी आरडाओरडा सुरू केला. "माझ्या लेकराला मास्तरनं समद्या गावासमोर उणं केलं!" निवाडा पाटलांकडं आला. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी मुस्तकिल का मुन्सरिम?"

"मुन्सरिम, पाटील."

"झालं तर मंग! सिद्रामप्पा, हंगामी माणसानं केलेलं उणं हंगामीच. त्यो बाजूला सरला की तुमचा मलप्पा दहाचा दहा. कायमचा माणूस पुढं हुबा ऱ्हायला असता तर बात येगळी."

सिद्रामप्पांनी विचार केला, आणि त्यांना पटलं. गावालाही पटलं. (यात चूक कुठं आहे ते तुम्हीच शोधा. मला सापडलेली नाही.) दुरुस्तीचा ठराव झाला की, एकाच्या जागी उद्धव मास्तर स्वतः उभे राहत असतील तोवर चार आणि नऊ पुन्हा चालू समजावेत. ओढ्याची विहीर झाली, लुगडं नऊवारी झालं, आणि पाटलांनी खुशीत दाखल्यावर सही ठोकली.

म्हणजे बघा: जागा होती, दाखला झाला, मुआयना 'बहुत खूब'. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिन्ही गोष्टी एका मिसलीत आल्या. मास्तरांनी त्या संध्याकाळी मुखेडला पत्र टाकलं: "हुकूम पंधरवड्यात येईल. चूल सारवून ठेवतो." बाजारातून ते बांगड्यांची जोडी घेऊन आले, असंही ऐकलं. सिंधूनं छडी परत आणून दिली तर ती तूच ठेव, म्हणाले.

मिसल नांदेडला माझ्या मेजावर आली. आळशी अहलकाराकडं गेली असती तर त्यानं वरचे तीन कागद पाहून सही केली असती. पण मी कामाला चोख, म्हणून मी ती शेवटच्या पानापर्यंत, म्हणजे गावच्या दुरुस्तीच्या ठरावापर्यंत, वाचली. आणि टीप लिहिली:

"उद्धव मास्तर मुन्सरिम आहेत म्हणून मौजे मजकुरी चार व नऊ चालू आहेत. त्यांस मुस्तकिल केल्यास त्यांनी केलेलं उणंही मुस्तकिल होईल, गाव हरकत घेईल, व सदर दोन आकडे पुन्हा बंद पडून गश्तीची तामील शेकडा त्र्याऐंशीवर येईल. सबब शिक्षणाच्या हितासाठी त्यांस मुन्सरिमीवरच कायम करण्यात यावं."

साहेबांनी खाली 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, असं लिहिलं. त्या टिपेवरून माझी कुशाग्रता वरिष्ठांच्या नजरेत भरली, आणि दोन महिन्यांत मला वरची जागा मिळाली. ती मुस्तकिल होती.

हुकुमाची नक्कल मास्तरांनी मुखेडला पाठवली. अनंतराव दोन दिवस चष्मा लावून बसले. 'मुन्सरिमीवर कायम' असा प्रकार त्यांच्या उभ्या पेशकारीत आला नव्हता. शेवटी त्यांनी उत्तर धाडलं: "हुकुमात कायम हा शब्द आहे, सबब मुलगी पाठवतो. मुन्सरिमी हाही शब्द आहे, सबब हंगामी पाठवतो. मुदत तीन महिने."

कुसुम छकड्यातून ट्रंक घेऊन उतरली तेव्हा मास्तर चुलीपाशी होते. "किती दिवसांसाठी आलीस?" एवढंच विचारलं.

"हंगामी आलेय. तुम्ही किती वर्षं हंगामी आहात?"

"बारावं लागेल आता."

"मग मलाही तेवढीच धरा," कुसुम म्हणाली. "अन् आधी ती भाकरी उतरवा, जळून राहिलीये."

तिच्या मुदतवाढीचे कागद अनंतराव दर तीन महिन्यांनी धाडत राहिले. ते वारल्यावर कागद यायचे बंद झाले, आणि मुदत संपली की नाही हे कोणी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीसात राज्य गेलं. फसली साल गेलं, गश्तीचं परिपत्रक झालं, मुन्सरिमचं हंगामी झालं. माझ्या टिपेचं भाषांतर होऊन ती पुढच्या मिसलीत लागली; नव्या साहेबांनाही ती पटली. मास्तर पंचावन्नाव्या वर्षापर्यंत रोज एकदा चारात आणि एकदा नवात उभे राहिले आणि हंगामीच घरी गेले. हंगामी माणसाला पेन्शन नसते. सिंधू आईच्या जागी पाटलांच्या शेतावर रोजानं जाऊ लागली. गावात चावडीवर घड्याळ बसलं तेव्हा ते वाचता येणारी ती एकटी होती, पण तिला कधी कोणी वेळ विचारली नाही.

एकदा देगलूरच्या मोटार अड्ड्यावर मास्तर भेटले. मला ओळखलं त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, लपायला जागा शोधत होतो. पण ते रागावले नाहीत. चहा पाजला. म्हणाले, "तुमच्या त्या टिपेबद्दल एक विचारायचं होतं. तिच्यात चूक कुठं होती?"

"चूक नव्हती, मास्तर."

"मलाही तेच वाटतं," ते म्हणाले. "म्हणून तर कोणाकडं तक्रार करता आली नाही."

तुम्ही बोरताळीला हसलात, माझ्या टिपेलाही हसला असाल. हसा. पण तुमच्याही घरात, दुकानात नाहीतर कचेरीत 'तूर्त असू द्या' म्हणून ठेवलेलं एखादं माणूस असेलच, आणि ते कायम का नाही याचं तुमच्याकडं चोख कारणही असेल. त्याला हाक मारा अन् किती वर्षं झाली ते विचारा. उत्तर देताना ते उभं असेल आणि तुम्ही बसलेले असाल. तेवढं बघून घ्या.